वास: आहे, थोडा आहे, नाही

माझ्या घरात कॉफी भाजायचं एक विजेचं यंत्र आहे. मी कॉफी पीत नाही. घरातलं दुसरं कोणीही पीत नाही. सिंदेवाहीत कॉफी लग्नाच्या स्वागताला मिळते, नाहीतर आजारपणात कोणीतरी डबीतून चमचाभर काढून करून देतं. कच्च्या बिया आणून घरी भाजणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता. त्यानं जाताना हे यंत्र मला दिलं, कारण माझं नाक चांगलं आहे असं त्याला वाटत होतं. ते आता फ्रीजवर आहे. पाहुणे विचारतात, नवीन मिक्सर घेतला का. मी हो म्हणतो. या यंत्राबाबत मी आधीही फारसं खरं बोललेलो नाही.

मनोहर उंदिरवाडे माझे शेजारी. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत, आणि भिंतीवर दोन्हीकडच्या चहाच्या कपांचे गोल डाग. भाताच्या संशोधन केंद्रावर ते शेतातले सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं काम सांगितलं की लोक हसायचे. ते वास घ्यायचे. सुगंधी भाताच्या वाणांची कोवळी पानं कातरून स्टीलच्या पेल्यात टाकायची, वर कोमट पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, मनात दहा मिनिटं मोजायची आणि झाकण जरासं सरकवून नाक खाली न्यायचं. पीक तयार झालं की एकेका लोंबीचा एकेक दाणा समोरच्या दातांनी फोडून चावायचा. दोन दाण्यांच्या मध्ये चूळ. मग रजिस्टरात लिहायचं. रजिस्टरात लिहायला तीनच शब्द होते: आहे, थोडा आहे, नाही.

मी पाहिलेला हा बहुधा एकच माणूस, ज्याची भाषा त्याच्या रजिस्टरानं घडवली होती. भाजीत मीठ कसं आहे? थोडं आहे. नवा जावई कसा आहे? "आहे." हे त्यांच्याकडचं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र. निवृत्तीच्या निरोप समारंभात वक्त्यांनी त्यांना सुगंधाचा सम्राट केलं, ऋषी केलं, एकानं तर कस्तुरीमृगही केलं. उत्तराला उभे राहून ते म्हणाले, "मी नोकरी केली. नाक मायबापानं देलं होतं. जेवण तयार आहे." आणि बसले. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, आणि निबंध तपासताना पोरांना सांगायचो की विशेषणं खोडून पाहा, मग काय उरतं ते दिसेल. त्या दिवशी मला माझा आदर्श विद्यार्थी सापडला असं वाटलं.

नागभीडकडच्या एका लग्नातली गोष्ट. चिन्नोर म्हणजे आमच्या भागातला जुना सुगंधी तांदूळ; यजमान पंगतीतून फिरत सगळ्यांना ऐकवत होते, "घरचा चिन्नोर आहे, सावकाश जेवा." उंदिरवाड्यांपाशी आल्यावर त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय भाऊ, वास कसा आहे?"

उंदिरवाड्यांनी आणखी एक घास घेतला, चावला. "थोडा आहे."

"थोडा?"

"तीन दाण्यांत एक दाणा चिन्नोरचा आहे. बाकी दुसरा आहे."

आमच्या ओळीत वरण वाढणारा वाढायचा थांबला. परतताना मोटारसायकलवर मागून मी म्हणालो, "छान आहे म्हणून मोकळं व्हायचं होतं हो." ते समोर बघतच म्हणाले, "त्यायनं पुसलं ना जी. नसतं पुसलं तं मी जेवून उठलो असतो." हे वाक्य मी नंतर कित्येकांना सांगितलं. त्याचा उपयोग मात्र मी लोकांना हसवण्यापलीकडे केला नाही.

केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांचं खरं काम सुरू झालं. नागभीडजवळच्या एका गावातल्या दहा-बारा बायकांचा गट जुना चिन्नोर टिकवून होता. सीताबाई त्यांची पुढारी. साठीची, तंबाखूनं दात काळे झालेली, कोणाचंही मोठेपण न मानणारी. दर दिवाळीनंतर ती यांना घेऊन जायची. उंदिरवाडे बांधापासून सुरू करून ओळीओळीनं लोंब्या चावत जायचे. ज्या बुंध्याला ते "आहे" म्हणतील त्याला ती लाल चिंधी बांधायची. पुढच्या वर्षीचं बियाणं चिंधीच्या बुंध्यांचंच. भातात वाणांची भेसळ फार लवकर होते. दोन-तीन हंगाम कोणी निवड केली नाही की नाव चिन्नोरचं उरतं आणि वास जातो. त्या गटाकडे प्रयोगशाळा नव्हती. उंदिरवाडे होते.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत उंदिरवाडे नवरा-बायको दोघंही आजारी पडले आणि बरे झाले. एके सकाळी भिंतीवरून धूर आला म्हणून मी पलीकडे डोकावलो. शालूबाई, त्यांच्या पत्नी, गॅसवर दूध ठेवून अंगणात धुणं धूत होत्या. आत उंदिरवाडे गॅसपासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. पातेलं काळं पडलं होतं. मी हाक मारली तेव्हा ते उठले, गॅस बंद केला आणि त्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मनात काहीतरी मोजलं. झाकण सरकवून नाक खाली नेलं. पुन्हा झाकलं, पुन्हा नेलं. तीन वेळा.

"नाई," ते म्हणाले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज उग्र वास घेत राहा, नाक हळूहळू शिकेल. आणि हेही सांगितलं की बरं होताना नाक कधीकधी खोटं बोलतं. जे नाही त्याचा वास येतो. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल, सगळं झालं. त्या वर्षी सीताबाई आली आणि एकटीच परत गेली. पुढच्याही वर्षी गेली. मग बंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, हे यंत्र आणलं. कॉफीच्या बिया भाजताना वास मिनिटामिनिटाला बदलतो, बाबांच्या नाकाला याहून चांगली शाळा नाही, असं तिचं म्हणणं. ते तिचं चुकलं नव्हतं.

यंत्र साधंच. आडवं काचेचं पिंप, आत फिरणारी पाती, खाली तापणारी तार, मागे धुराची नळी. हिरवट राखाडी बिया मूठभर टाकायच्या. त्या पिवळ्या होतात, मग विटकरी, मग लाही फुटावी तसा तड तड आवाज येतो. त्यानंतरची मिनिटं महत्त्वाची. आवाज थांबून पुन्हा बारीक सुरू झाला की कोळसा व्हायला वेळ लागत नाही. दुपारी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि बिया भाजण्याऐवजी उकडल्यासारख्या व्हायच्या, म्हणून भाजणं सकाळी आठला. बिया थंड करायला सोबत आलेली जाळी उंदिरवाड्यांनी बाजूला ठेवली आणि सूप घेतलं. शालूबाई पाखडायच्या, टरफलं उडायची, बिया निवायच्या.

"याच्यात शेंगदाणे होतीन का?" शालूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाई. वास मिसळते."

"तुमाले तं एकही येत नाई, मंग मिसळन काय?"

ते हसले. त्या घरात असं बोललेलं चालत असे.

त्यांना शेजारी बसून वास सांगणारं कोणीतरी हवं होतं. दुसऱ्यानं सांगायचं, यांनी डोळे मिटून तो वास आठवायचा आणि मग आपल्याला तो येतो का ते तपासायचं. शालूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले सारा धुराचाच वास येते." त्या खरं बोलल्या आणि सुटल्या. मग भिंतीवरून मला निमंत्रण आलं. "सर, तुमी भाषेचे मास्तर. तुमच्यापाशी शब्द आहेत. मले काय येऊन राह्यलं पाह्यजे ते सांगत जा."

त्यांनी शंभर पानी वही केली होती. प्रत्येक पानावर मध्ये एक रेघ. डावीकडे "मले", उजवीकडे "सरांले".

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. बिया तापायला लागल्या तेव्हा ओल्या गोणपाटाचा वास होता, मी गोणपाट म्हणालो. नंतर भाकरी भाजल्यासारखा, मी भाकरी म्हणालो. त्यांनी लिहिलं, डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि डावीकडे लिहिलं: नाई.

तीन-चार बैठकांत माझे खरे वास संपले. त्यानंतर मला यायचा तो भाजल्याचा वास, आणि त्याच बिया दळून केलेली कॉफी पेल्यातून बिनसाखरेची प्यायलो की कडू चव. साखर मागितली तर म्हणायचे, "साखर टाकली का सारं सारखं लागते." प्रज्ञानं पाठवलेल्या पाकिटांवर छापलेलं असे: जर्दाळू, संत्र्याची साल, काकवी. मी त्यावर पुष्कळ हसलो होतो. पण तो माणूस पेन उघडून माझ्याकडे बघत असे, आणि "आज काही विशेष नाही" एवढं म्हणणं मला कमीपणाचं वाटू लागलं. एका गुरुवारी मी म्हणालो, "मोहफुलं अंगणात वाळत घातल्यासारखा काहीतरी आहे."

त्यांनी पेन थांबवलं. "मोह? ताजा का वाळता?"

"वाळता," मी म्हणालो. आणि थांबायचं सोडून पुढे म्हणालो, "तिसऱ्या दिवशीचा."

ते त्यांनी लिहिलं. दोन दिवसांनी शालूबाईंच्या माहेरून मूठभर मोहफुलं मागवली. तिसऱ्या दिवशीची. पेल्यात टाकून, झाकण ठेवून ते सकाळ-संध्याकाळ आधी त्यांचा वास घ्यायचे आणि मग कॉफीचा. शालूबाई मला म्हणाल्या, "तुमी काय सांगतलं बावा, हे आता पेल्यापासून उठूनच नाई राह्यले." मी हसलो. वहीत डावीकडे नाई, नाई, नाई. उजवीकडे माझे परिच्छेद वाढत गेले: जुन्या सागवानी कपाटाचा खण, चुलीतला विझता निखारा, उसाच्या गुऱ्हाळाची दुपार. पोरांनी निबंधात लिहिलं असतं तर मी लाल शाई संपवली असती.

यात द्वेष नव्हता, टिंगलही नव्हती. तसं काही असतं तर बरं झालं असतं. निदान कारण सांगता आलं असतं. मला त्या वहीत बरं दिसायचं होतं, एवढंच.

आश्विनातली ती सकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. तड तड आवाज सुरू झाला आणि वीज गेली. पाती थांबली. तार तापलेलीच, बिया तळाशी एका जागी. त्यांनी झाकण काढायला घाई केली, पण कडी तापलेली होती, फडकं शोधण्यात वेळ गेला. सुपात ओतल्या तेव्हा निम्म्या बिया काळ्या तेलकट झाल्या होत्या. खोलीभर धूर. मला सरळ जळका वास येत होता. कोणालाही आला असता.

ते सुपावर वाकले होते. मान वर करून त्यांनी विचारलं, "सर, जळका वास येऊन राह्यला का जी?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाटलं, बिया जळल्या म्हणून बिचारे ओशाळले. मुलीनं पाठवलेल्या बिया, एवढी काळजी घेऊन भाजलेल्या. त्यांना सावरून घ्यावं म्हणून मी म्हणालो, "छे हो. जळका कुठला? गुळाचा पाक उतरवताना येतो ना, तसा आहे. उत्तम जमलंय आज."

ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर हळूच म्हणाले, "गुळाचा." आणि लिहिलं. डावीकडे आधी काहीतरी लिहिलेलं होतं, ते त्यांनी खोडलं. मी पाहिलं. काय खोडलं ते मी विचारलं नाही. पेला रिकामा करून मी घरी गेलो, आणि आज एका माणसाचं मन राखलं म्हणून मला बरंही वाटलं.

दिवाळीनंतर सीताबाई आली. मी भिंतीच्या अलीकडे चहा घेऊन उभा होतो, ते दोघं पलीकडे बाजेवर. तिनं पिशवीतून चार लोंब्या काढून बाजेवर ठेवल्या.

"भाऊ, यंदा चला. दोन साल झाले. मांगच्या हंगामात भात शिजला तं शेजारीन पुसून राह्यली, काऊन बाई, साधा लावला का."

"मले जमत नाई, सीताबाई."

"तुमच्या पोरीनं मशीन पाठवली ना? ते वास घेते का नाई?"

"ते भाजते. वास मलेच घ्या लागते."

"मंग येत नाई का अजून?"

"एक दिवस आला होता. जळका वास आला. साफ आला, पह्यलेसारखा. पण सर बाजूलेच होते. ते म्हणले गुळाचा आहे. म्हणजे डॉक्टर म्हणला तसंच झालं. नाक उठलं, पण खोटं बोलून राह्यलं. खोट्या नाकानं मी तुमच्या बियान्याले हात लावू नाई." मग माझ्याकडे वळून साक्षीला बोलवावं तसं म्हणाले, "होय ना सर?"

माझ्या हातात कप होता. सीताबाईही माझ्याकडे बघत होती. त्या दिवसाचं खरं सांगायचं तर मोहाचंही सांगावं लागलं असतं, गुऱ्हाळाचंही, अख्ख्या वहीचं सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो.

सीताबाईनं लोंब्या परत पिशवीत भरल्या. एक खाली पडली होती, ती उंदिरवाड्यांनी उचलून तिच्या हातात दिली. दाणा तोडला नाही, चावला नाही. त्या वर्षी चिंध्या बांधल्या गेल्या नाहीत. बियाणं शेतभरातून सरसकट घेतलं.

नंतर भाजणं बंद पडलं. यंत्रावर शालूबाईंनी शिवलेलं छिटाचं आवरण आलं. थंडी सरता सरता दोघांनी मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी ते यंत्र दोन्ही हातांत धरून भिंतीपाशी आले. "तुमाले गोडी लागली आहे. तिथी पोरीपाशी दुसरं आहे. तुमच्यासारखं नाक वाया जाऊ नाई." मी ते घेतलं. नको म्हणालो असतो तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

बल्लारशाहकडे जाणारी गाडी सकाळची, तिथून पुढे बंगळुरूची. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी उशिरा होती, किती ते कोणी सांगत नव्हतं. आम्ही तिघं बाकावर, शालूबाई मध्ये. त्यांच्या पिशवीच्या तोंडाशी ती वही दिसत होती. ती उंदिरवाडे सोबत नेत होते. बंगळुरूच्या डॉक्टरला दाखवायची म्हणून. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालं. शूरपणा नव्हता. त्या वहीतला माझा मजकूर कोणी तज्ज्ञ वाचणार, ही भीती जास्त होती.

"भाऊ, वीज गेली होती त्या दिवशी जळलं होतं."

त्यांनी मान वळवली. "काय जी?"

"बिया जळल्या होत्या. जळकाच वास होता. तुमचं बरोबर होतं."

मला वाटलं ते चिडतील. ते फक्त नीट बसले, कामावर बसायचे तसे. "होता का थोडा होता?"

"होता."

त्यांनी वही काढली, पान शोधलं. डावीकडची खोडलेली जागा बोटानं दाखवली. आता मला वाचता आलं: जळका, आहे. त्यांनी त्याखाली पुन्हा लिहिलं: आहे. मग शालूबाईंना म्हणाले, "ऐकलं का? तो वास खरा होता. मले आला होता." शालूबाई त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"सीताबाईचं बियानं तं गेलं," ते वहीकडे बघतच म्हणाले. आरोप नव्हता, नोंद होती. मग एक पान मागे उलटलं. "मंग हे? सागवानी कपाट?"

"नाही."

उजवीकडचा माझा परिच्छेद त्यांनी एका रेघेत खोडला आणि बाजूला लिहिलं: नाई.

"गुऱ्हाळ?"

"नाही."

"मोह? तिसऱ्या दिवशीचा?"

मी मान हलवली. त्यांनी तोंडानं उत्तर यायची वाट पाहिली. केंद्रावर मानेनं दिलेलं उत्तर लिहीत नसत.

"नाही," मी म्हणालो.

"मंग तुमाले काय लागत होतं?"

"कडू."

"मंग तेच सांगाचं होतं जी." त्यांनी पेनचं टोक वहीवर टेकवलं. "मी पुसलं होतं ना."

तेवढ्यात सिग्नल पडला, लोक उठले, शालूबाईंनी पिशव्या मोजल्या. उठता उठता उंदिरवाड्यांना काहीतरी आठवलं. "मंग ते मशीन तुमाले कायले देलं मी?"

"परत आणून देतो. पुढच्या गाडीनं पाठवतो."

"राहू द्या. शेंगदाणे भाजा."

"मी पह्यलेच म्हणत होती," शालूबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून नव्हे.

गाडी लागली. मी सामान चढवून दिलं, त्यांना खिडकीशी जागा मिळाली. बाहेरून गज धरून मी म्हणालो, "सीताबाईला मी जाऊन सांगतो."

"काय सांगाल?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"झालं ते."

"कमी शब्दांत सांगा," ते म्हणाले.

गाडी हलली. शालूबाईंनी सवयीनं हात वर केला आणि अर्ध्यावर खाली घेतला. मी हात हलवत काही पावलं चाललो. उंदिरवाड्यांनी बाहेर पाहिलं नाही. वही मांडीवर उघडी होती, पेन चालू होतं. डबा फलाटाच्या टोकाला पोचला तरी त्यांची मान खालीच होती. त्यांनी आणखी एक पान उलटलं. माझी बरीच पानं अजून बाकी होती.